गुनपेई योकोई : खेळण्यांचा एक थोर कारागीर

चरित्र म्हटले की राजे, सेनापती, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ ह्यांचीच नावे आपणांपुढे उभी राहतात. ज्याने जन्मभर खेळणी तयार केली त्याचे चरित्र वाचून काय लाभणार, अशी शंका एखाद्या पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु मुलांचे खेळ आणि पडदा ह्यांवरून आज घरोघर जो तंटा चालतो तो पाहता, हातात मावणाऱ्या खेळयंत्रास ज्याने रूप दिले तो मनुष्य कोण होता आणि कोणत्या विचाराने चालत होता, हे पालक व पाल्य ह्या दोघांनीही जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुनपेई योकोई ह्यांचा जन्म जपानातील क्योतो शहरी १० सप्टेंबर १९४१ रोजी झाला. त्यांचे उच्च शिक्षण त्याच शहरातील दोशिशा विद्यापीठात झाले. नीजिमा जो ह्या जपानी ख्रिस्ती गृहस्थांनी १८७५ साली स्थापिलेल्या शाळेतून हे विद्यापीठ वाढलेले आहे. तेथे विद्युत्‌-शास्त्राची पदवी घेऊन योकोई १९६५ साली निन्तेंदो कंपनीत नोकरीस लागले. ही कंपनी १८८९ पासून फुलांच्या चित्रांचे हानाफुदा नावाचे पत्ते करीत आली होती. पत्ते तयार करणारी यंत्रे नीट चालत आहेत की नाहीत हे पाहणे, एवढेच काम ह्या पदवीधर तरुणाच्या वाट्यास आले.

काम थोडे आणि वेळ पुष्कळ, अशा स्थितीत कित्येक तरुण आळसात बुडून जातात. योकोई ह्यांनी कारखान्यातील साहित्य घेऊन आपल्या करमणुकीसाठी एक खेळणे केले. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा तो एक हात होता; मुठी जवळ आणताच तो लांब होऊन दूरची वस्तू पकडीत असे. १९६६ साली कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची ह्यांच्या दृष्टीस तो पडला. त्यांनी तो विक्रीयोग्य करण्याची आज्ञा केली. ‘अल्ट्रा हँड’ ह्या नावाने ते खेळणे बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. यंत्रे राखणारा तरुण त्यामुळे खेळणी रचणारा झाला.

पुढे त्यांच्या सर्व कामात एक सूत्र दिसून येते. अगदी नवे आणि महाग तंत्र हाती धरावयाचे नाही. जे जुने, स्वस्त व पुरते पारखलेले झाले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांस ठाऊक आहेत, ते घेऊन त्याचा कोणास न सुचलेला उपयोग करावयाचा, असे ते सूत्र होते. त्याचे उत्तम उदाहरण १९८० साली पाहावयास मिळाले. आगगाडीत बसलेला एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत वेळ घालवीत होता; त्यास पाहून योकोई ह्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. कंपन्यांच्या चढाओढीमुळे कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा स्वस्त झाले होते. तोच पडदा घेऊन त्यांनी ‘गेम अँड वॉच’ हे खेळयंत्र केले. त्यात खेळ असे आणि घड्याळही असे. ह्या मालिकेतील यंत्रे जगभर चार कोटींहून अधिक खपली.

१९८२ साली ह्याच मालिकेतील ‘डाँकी काँग’ ह्या खेळासाठी एक अडचण उभी राहिली. मोठ्या यंत्रावरील उभा दांडा खिशात मावेना. तेव्हा योकोई ह्यांनी अधिकाच्या चिन्हासारखे सपाट बटण बसविले. अंगठा न उचलता चारी दिशा दाखविता येतात अशी ती रचना पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या खेळयंत्रावर आली.

त्यांची कीर्ती विशेष झाली ती ‘गेम बॉय’ मुळे. सातोरू ओकादा प्रभृती सहकाऱ्यांसह तयार केलेले हे यंत्र एप्रिल १९८९ मध्ये जपानात विक्रीस आले. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन आणि उजेडाशिवाय न दिसणारा होता. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी लवकरच झगझगीत रंगीत पडद्याची यंत्रे आणली. पण ती महाग होती आणि सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपवीत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. रंगीत पडदा त्या काळी मिळत नव्हता असे नाही. किंमत वाढेल व सेल लवकर संपतील म्हणून तो जाणूनबुजून टाळला होता. हे यंत्र आणि त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटी ऐंशी लाखांहून अधिक नग विकले गेले.

त्यांच्या आयुष्यात अपयश आले नाही असे मात्र समजू नये. १९९५ साली ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळ्यांशी लावून पाहावयाचे यंत्र त्यांनी आणले. काळ्यावर तांबडी अशी त्यातील चित्रे पाहून डोळे शिणतात, डोके दुखते, अशा तक्रारी आल्या. आठ लाख नगही खपले नाहीत आणि वर्षाच्या आसपास ते बंद झाले. पराभवानंतर योकोई लगेच निघून गेले नाहीत. लहान आकाराचा गेम बॉय १९९६ साली बाजारात आणून मगच त्यांनी ऑगस्टमध्ये एकतीस वर्षांची नोकरी सोडली. पुढे ‘कोतो’ नावाची स्वतःची संस्था काढून, एकाच सेलावर चालणाऱ्या ‘वंडरस्वान’ ह्या नव्या यंत्राच्या कामास ते लागले. परंतु ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावर एका लहानशा अपघातानंतर ते मोटारीतून उतरले असता दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचा अंत झाला. वय अवघे ५६ होते. वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये निघाले. त्यावरील एका खेळास त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांची यंत्रे आज पुन्हा नवा जन्म घेत आहेत. निन्तेंदोने २०२० आणि २०२१ साली ‘गेम अँड वॉच’ नव्या रूपात काढले. अॅनलॉग नावाच्या कंपनीने २०२१ च्या डिसेंबरात गेम बॉयची जुनी कार्ट्रिजे चालविणारे यंत्र आणले. ह्या पुनर्जन्मातून आपणांस काय मिळावे, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. जुन्या आठवणी विकत घेणे हाच त्याचा हेतू असेल, तर तो मोठ्यांचा शौक होय. मुलांना त्यातून थोडेच मिळेल. परंतु जुन्या खेळयंत्रात काही गुण असे होते की त्यांची आज उणीव भासते. त्याची किंमत एकदाच द्यावी लागे; खेळाच्या मध्येच ते पुन्हा पैसे मागत नसे. त्यात जाहिरात नव्हती. ते कोणास बोलावणे धाडीत नसे. बंद केले की गप्प बसे. पालकांस त्याची मर्यादा ठाऊक असे आणि मुलासही. हे गुण परत येत असतील तर असे यंत्र घरात अवश्य यावे. मात्र मोजकेच नग काढून ते भारी किमतीस विकणे हे योकोई ह्यांच्या विचारास धरून नाही. सामान्य घरातील मुलास परवडावे म्हणून तर त्यांनी रंगाचा मोह सोडला होता.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच की, योकोई ह्यांचे यंत्र विकत मिळो अथवा न मिळो, त्यांची रीत विनामूल्य आहे. बिघडलेला कॅल्क्युलेटर, जुना रेडिओ, मोडकी सायकल ह्यांकडे टाकाऊ म्हणून पाहण्यापूर्वी, ह्यातून दुसरे काय होईल हा प्रश्न मनास विचारावा. पालकांनीही, हाती आलेले क्षुल्लक काम आटोपून मूल काही जोडजाड करीत बसले असेल, तर त्यास रागावण्याआधी ते काय करीत आहे हे यामाउचींप्रमाणे एकवार पाहावे. कदाचित त्या पाहण्यानेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरेल.