ऑलिव्हर हेविसाइड: १२० ओहमच्या रेझिस्टरमागचा माणूस

रत्नागिरीत पॅनल वायरिंगची कामं करताना मला एक प्रश्न हमखास येतो. आरएस-४८५ लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर कशाला लावायचा? याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे.

आधी माझी चूक सांगतो. मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजचं मोडबस वायरिंग मी केलं होतं. सुमारे ४०० मीटर केबल. थोडी वायर वाचवायची म्हणून मध्येच तीन-चार फाटे काढले, रेझिस्टर लावलेच नाहीत. ९६०० बॉडवर सगळं छान चाललं. पुढे स्पीड ११५२०० केला आणि रात्री टेम्परेचरची रीडिंग गायब व्हायला लागली. आत लाखोंचा माल! मी मीटर बदलत बसलो. दोष मीटरमध्ये नव्हताच.

हा दोष ज्याच्या गणिताने समजतो, तो ऑलिव्हर हेविसाइड. जन्म १८ मे १८५०, लंडन. घरची गरिबी. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू कमी येऊ लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कॉलेज नाहीच. मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टोन टेलिग्राफमधले मोठे नाव, त्यामुळे पोरगा तारेच्या धंद्यात शिरला. १८६८ मध्ये डेन्मार्कला ऑपरेटर झाला, नंतर न्यूकॅसलला आला. १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि आई-वडिलांच्या घरी बसून मॅक्सवेलचा ग्रंथ एकट्याने पचवला. पुन्हा नोकरी केली नाही.

त्या काळी समुद्राखालून केबल टाकल्या जात होत्या. १८७० मध्ये अशी केबल मुंबईपर्यंतही आली. पण लांब केबलमधून सिग्नल पसरट होऊन बाहेर पडायचा. हेविसाइडने दाखवलं की वायर म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिच्या प्रत्येक मीटरमध्ये रेझिस्टन्स, कपॅसिटन्स, इंडक्टन्स आणि थोडी गळती असते, आणि सिग्नल तिच्यातून लाटेसारखा जातो. इम्पीडन्स हा शब्दही त्यानेच १८८६ मध्ये रूढ केला.

१८८७ मध्ये त्याने सांगितलं, की इंडक्टन्स योग्य प्रमाणात वाढवला तर सिग्नल विकृत न होता जाईल. ब्रिटिश टपाल खात्याचे इंजिनिअर विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलट होतं. हेविसाइड आणि त्याच्या भावाचा निबंध अडवला गेला. पुढे याच कल्पनेवरच्या लोडिंग कॉइलचं पेटंट अमेरिकेत प्युपिनच्या नावावर झालं आणि भरपूर पैसा मिळाला, तोही प्युपिनलाच. हेविसाइडला पैसे देऊ केले, तेव्हा पूर्ण श्रेय मिळत नसेल तर नको, असं त्याने कळवलं. खिशात पैसे नव्हते, तरीही! १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं, १९२२ मध्ये पहिलं फॅरेडे पदक मिळालं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की इथे तो एकटेपणातच गेला.

आता आपली लाइन बघा. मांडवीच्या जेटीच्या भिंतीवर लाट आपटून मागे येते. भाट्याच्या उतरत्या वाळूत ती जिरते. केबलचं उघडं टोक म्हणजे भिंत, आणि केबलच्या इम्पीडन्सइतका रेझिस्टर म्हणजे वाळू. ४०० मीटर जाऊन परत यायला लाटेला साधारण ४ मायक्रोसेकंद लागतात. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणून प्रतिध्वनी लपून जातो. ११५२०० ला बिट जेमतेम ८.७ चा, म्हणजे प्रतिध्वनी थेट बिटाच्या मध्यावर येतो. शिवाय प्रत्येक फाटा म्हणजे आणखी एक भिंत!

म्हणून हे चार नियम पाळा:

१. वायर एका यंत्रातून दुसऱ्यात, माळेसारखी न्या. फाटे काढायचे नाहीत.
२. पिळाची जोडी वापरा, रेझिस्टर फक्त दोन्ही टोकांना.
३. शील्ड साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करा.
४. टर्मिनलमध्ये शक्यतो टिन केलेल्या फेरूल घाला. कोकणच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं लवकर हिरवं पडतं.

मी फाटे काढून माळ केली, रेझिस्टर लावले, रीडिंग परत आली. तो रेझिस्टर काही रुपयांचा असतो. लावताना त्या बहिऱ्या टेलिग्राफवाल्याची आठवण ठेवा.