बहिणाबाई चौधरी : एका आयुष्याचे अनेक अभ्यास



बहिणाबाई चौधरी यांची गाणी तुम्ही शाळेपासून ऐकली आहेत. या घटकात आपण त्या गाण्यांचे रसग्रहण करणार नाही. त्यांचे आयुष्य स्त्री-अभ्यासाचा विषय म्हणून कसे वाचावे, हे पाहणार आहोत. साहित्याभ्यास त्यासाठी एकटा पुरा पडत नाही.

त्यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळील असोदे येथे, महाजनांच्या शेतकरी घरात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह झाला. तिशीत वैधव्य आले आणि तीन मुलांचा व शेतीचा भार त्यांच्यावर पडला. चरित्रपर टिपणांत हा काळ बहुधा दोन ओळींत उरकला जातो. समाजशास्त्राचा आणि कायद्याच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र नेमका येथेच थांबतो. एकत्र कुटुंबातील विधवेला पतीच्या हिश्शावर मर्यादित का होईना, हक्क देणारा कायदा आला तो १९३७ मध्ये. तेव्हा बहिणाबाईंच्या वैधव्याला पाव शतक उलटून गेले होते. पेरणी, कापणी, मळणी, दळण, चूल यांतून त्यांची गाणी आली, असे आपण कौतुकाने म्हणतो. ही सारी कामे श्रम म्हणून कोणत्या हिशेबात धरली गेली, हे सहसा विचारत नाही.

आता भाषेकडे वळू. (माझा विषय भाषाविज्ञान असल्याने येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे.) बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर या भागांतील विद्यार्थ्यांना ती घरातलीच वाटेल. प्रमाण मराठीतील ‘ळ’ येथे ‘य’ होतो. म्हणून जळगाव हे ‘जयगाव’. ही अशुद्धता नव्हे, तो नियमित ध्वनिबदल आहे. ‘निरक्षर’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, एवढेच तो सांगतो. भाषेवरील त्यांच्या प्रभुत्वाविषयी त्यातून काहीच कळत नाही. जळगावातील छापखाना पाहून त्यांनी त्यावरही गाणे रचले होते.

त्यांची स्वतःची गाणी मात्र त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. कवी असलेले पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ही गाणी वेळोवेळी उतरून घेतली होती. सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. गाणारी स्त्री, लिहून घेणारे, पारखणारे आणि प्रस्तावना लिहिणारे पुरुष, हा क्रम ध्यानात ठेवा. त्यात कोणाचा दोष शोधायचा नाही. त्यांनी लिहिले नसते, तर आज आपल्या हाती काहीच नसते. परंतु ज्या घरांत असा लिहिता मुलगा नव्हता, तेथील गाणी कोठे गेली, हा प्रश्न यातूनच उभा राहतो.

स्वाध्याय : घरातील किंवा शेजारच्या वयस्क स्त्रीकडून, तिच्या संमतीने, जात्यावरचे एखादे गाणे लिहून घ्या. ते कोणी म्हटले, कोणी उतरविले आणि कधी, याची नोंद करा. ती ‘य’ म्हणाली असेल, तर तेथे ‘ळ’ लिहू नका.