चित्रकलेचा मास्तर नांगराकडे कसा वळला?

संध्याकाळी पारावर चार म्हातारी माणसं बसली की बोलणं हटकून जुन्या नोकऱ्यांवर येतं. कुणी आधी मुंबईला गिरणीत होता, संप झाला तसा परत आला आणि एसटीत लागला. कुणी मुकादमकी केली, मग दूध संघात गेला आणि शेवटी बापाच्याच शेतीवर येऊन बसला. ऐकणारी तरुण पोरं तोंडावर बोलत नाहीत, पण मनात म्हणतात, याचा कुठंच जम बसला नाही.

वाचकहो, आज अशाच एका माणसाची हकिगत सांगायची आहे. वयाच्या चाळीसाव्या वर्षी याच्याकडे पाहून भाऊबंदांनी हेच म्हटलं असतं. चित्रकार व्हायला निघाला, ते जमलं नाही. मास्तरकी धरली, ती सोडली. सायकलींचं दुकान काढलं. मग कारखाना घातला, तर ती जागाही खाली करायची पाळी आली. नाव तुमच्या ओळखीचं आहे. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या पंपावर ते तुम्ही वाचलेलं असेल. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाने शिकून नाव काढावे ही त्यांची साहजिक इच्छा. पण लक्ष्मणरावांचे मन दोनच गोष्टींत रमे, चित्रे काढण्यात आणि यंत्रांत. शाळेच्या पुस्तकात ते फार रमले नाहीत. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध त्यांनी मुंबईची वाट धरली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. पाठीशी उभे राहिले थोरले भाऊ रामूअण्णा. हा थोरला भाऊ पुढेही प्रत्येक वळणावर भेटतो. कर्तबगार धाकट्याच्या मागे असा एखादा थोरला असतो आणि त्याचं नाव मात्र कुठं छापून येत नाही, हे तुम्ही तुमच्या भावकीतही पाहिलं असेल.

दोन वर्षे बरी गेली आणि मग कळले की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. डोळ्यांत जन्मजात दोष, त्याला औषध नाही. विचार करा, घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या जिवावर मुंबईला गेलेलं पोर आणि त्याला हे कळावं! दुसरा असता तर गाडी पकडून गावी आला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या रेखाकृतीला रंग लागत नाही. चाक, दांडा, खिळा यांचे माप, त्यांची समोरची बाजू, कडेची बाजू, मधून कापले तर आत काय दिसेल, हे सगळे काळ्या रेघांत मांडायचे. हे काम त्यांना चांगले साधले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती. तिथे ते यंत्रांची रेखाकृती शिकवणारे मास्तर झाले.

मास्तरकी म्हणजे नुसता खडू आणि फळा नव्हता. त्या संस्थेला कारखान्याची जोड होती. लेथ कसा चालतो, ओतकामाचा साचा कसा बांधतात, इंजिनाचा कुठला भाग कशाने झिजतो, हे लक्ष्मणराव हात काळे करून शिकले. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. शिकवायला म्हणून ठेवलेला माणूस तिथे शिकून घेत होता.

याच काळात १८८८ साली दोघा भावांनी सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन धाडायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे. त्या काळी सायकल ही साहेबाची आणि श्रीमंताची चीज होती. गिऱ्हाईकाला आधी तिच्यावर बसायला शिकवावे लागे. तेही दुकानच करी आणि त्याचेही पैसे घेई. आपण आज ट्रॅक्टर किंवा फवारणीचं यंत्र घेतलं की कंपनीचा माणूस येऊन चालवून दाखवतो, त्यातलाच हा प्रकार. वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवावी लागते, हा धडा त्यांना सायकलीने दिला. आज किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ ची धरतात, ती याच दुकानापासून.

नोकरी सुटली ती अपमानाने. बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. पगाराची नोकरी अशी सोडणं घरसंसार असलेल्या माणसाला सोपं नसतं. तुमच्यापैकी ज्यांनी सोडली असेल त्यांना पहिला महिना कसा जातो ते ठाऊक असेल.

बेळगावात सायकलींचे दुकान होतेच. आज तिथल्या एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. पण परक्याने केलेली वस्तू आणून विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान होईना. आजूबाजूला पाहावे तर सगळा मुलूख शेतीचा. मग त्यांनी स्वतः करून पाहिले ते कडबा कापण्याचे यंत्र. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत त्याला त्याचा उपयोग वेगळा सांगायला नको. अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाला खाते, बुडखा तुडवते. बारीक करून टाकली तर वैरण पुरवठ्याला येते. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी हात घातला लोखंडी नांगराला.

इथे जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे. हा नांगर पहिल्यांदा विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही हकिगत सांगणारे बहुतेक लोक इथे शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसून पुढे जातात. आपण हसायचं कारण नाही.

तेव्हाचा शेतकरी कोणत्या हिशेबाने चालत होता ते बघा. त्याचा नांगर लाकडाचा, गावच्या सुताराने केलेला. लोखंड असेल तर टोकाच्या फाळाला तेवढे. तो मोडला तर सुतार तिथल्या तिथे दुरुस्त करणार आणि मोबदला सुगीला बलुत्यात जाणार, म्हणजे रोख पैसा नाही. लोखंडी नांगराला रोकड मोजायची. वजन जास्त, म्हणून बैल जास्त लागणार. एक जोडी दावणीला असलेल्याने दुसरी कुणाकडे मागायची? आणि ऐन नांगरटीत फाळ तुटला तर तो मिळणार कुठे? बेळगावला जायचं? तोवर वाफसा निघून जाणार. विषाची गोष्ट खोटी होती, पण त्या खोट्या गोष्टीच्या पोटात हा सगळा खरा हिशेब दडलेला होता.

नांगराचा गुण मात्र मोठा होता. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंखा असतो, तो खालची माती उचलून पालथी टाकतो. हराळी आणि कुंदा यांची मुळे वर येतात आणि उन्हाळ्यात करपतात. मागच्या पिकाचे धसकट गाडले जाते. घट्ट झालेला खालचा थर फुटला की पाणी आत मुरते. हे सगळे दिसते ते दुसऱ्या हंगामात, आधी ऐकून कुणाला पटत नाही.

शिवाय नांगर करणे हेही लोहाराच्या ऐरणीवरचे काम नव्हते. फाळ बिडाचा ओतायचा. मऊ निघाला तर आठ दिवसांत झिजून बोथट होतो, फार टणक निघाला तर दगड लागताच काचेसारखा तुटतो. पंख्याचे वळण थोडे चुकले तर माती उलटत नाही, चिकटून बसते आणि बैलांच्या मानेवर ओढ येते. इथे मास्तराची जुनी पेन्सिल कामाला आली. जे. जे. मध्ये वळण बघायची नजर तयार झाली होती, मुंबईच्या संस्थेत माप आणि ओतकाम कळले होते आणि सायकलीच्या दुकानात गिऱ्हाईक कळले होते. लांबून पाहणाऱ्याला तीन फसलेले धंदे दिसतात. नांगराला तिन्ही लागले.

हळूहळू नांगर खपू लागला आणि नेमका तेव्हाच बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितले. गावाची वाढ तिकडे करायची होती. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी ही बाजू जरूर लक्षात घ्यावी. नगरपालिकेने कायद्याबाहेर काही केले असे नाही. वस्तीला जागा हवी होती, ठराव झाला, नोटीस गेली. एका कागदाने एक कारखाना त्या गावातून उठला आणि दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

लक्ष्मणरावांचा तेव्हा औंध संस्थानाशी संबंध आलेला होता. तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या अखेरीस गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, म्हणजे एका अर्थी दोघांची बिरादरी एकच. बाळासाहेबांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानात जागा दिली. औंधचा मुलूख एकसंध नव्हता. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, असे तुकडे होते. त्यातल्या कुंडलजवळ, कुंडल रोड नावाच्या आडवळणी रेल्वे स्टेशनालगत बत्तीस एकर माळ होता. रेल्वे जवळ असणे महत्त्वाचे होते. बीड आणि कोळसा बैलगाडीने आणून आणि तयार नांगर बैलगाडीने धाडून धंदा परवडला नसता.

१९१० च्या मार्चमध्ये मंडळी तिथे उतरली. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि त्यात नाग. पाणी नाही, सावली नाही. भर उन्हाळ्यात निवडुंग तोडत जागा मोकळी करायची, राहायला आडोसे बांधायचे आणि त्याच वेळी यंत्रेही बसवायची. बेळगावचे कामगार आपली बायकापोरे घेऊन आले, हे मला फार मोठे वाटते. पगाराच्या हमीवर इतक्या लांब, असल्या माळावर कुणी येत नाही. शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही त्या वेळची नावे. फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली होती, पण यंत्रात डोके असे की कारखान्याचे इंजिनिअर तेच. शिक्षा भोगून आलेल्या, गावाने दूर लोटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर ठेवले. वाडीत शिवाशीव पाळायला बंदी होती. एकविसाव्या शतकातही काही गावांच्या पाणवठ्यांवर काय चालत आले, ते आठवले म्हणजे १९१० च्या सुमाराची ही बंदी किती पुढची होती ते कळते.

याच माळाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव पडले आणि स्टेशनचेही तेच झाले. आज ते सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१४ नंतर, परदेशी लोखंड येईनासे झाले. नांगराला मागणी आणि ओतायला धातू नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा देऊ केल्या. किल्ल्यावर पडून असलेल्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. ही गोष्ट आपल्या भागात अनेकांनी आजोबांकडून ऐकलेली असेल. ती दंतकथा नाही.

पुढचा काळ वाढीचा, त्यावर फार लिहीत नाही. १९२० मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी वाडीतून मासिक सुरू केले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेले ते मासिक पुढे महाराष्ट्रभर वाचले गेले. विसाच्या दशकात नांगराच्या जोडीला पंप आणि तेलावरची इंजिने आली. मोटेचे बैल सुटायला तिथून सुरुवात झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आला आणि त्याने धंदा पुण्या-बंगळुरापर्यंत नेला.

पण म्हातारपण सरळ गेले नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीही सापडली. ज्या माणसाने निवडुंग तोडून ती वाडी वसवली, त्याला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे जळके पत्रे पाहावे लागले. आग लावणारे लांबून आलेले नव्हते, आसपासच्या मुलखातलेच होते. ज्यांच्या शेतात त्या कारखान्याचे नांगर चालत, त्यांच्यापैकीही काही त्यात असतील. लिहिताना हे बरे वाटत नाही, पण टाळून पुढे जाणेही बरे नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. औंध संस्थान मात्र त्याच वर्षी विलीन झाले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले, वयाच्या ८८ व्या वर्षात. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

तुमच्या गोठ्यामागे, बाभळीच्या बुंध्याला टेकवलेला एखादा जुना बिडाचा नांगर अजून पडला असेल. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नसेल. एकदा गंज खरवडून बघा. फाळामागच्या पंख्याला जे वळण आहे, ते आधी कागदावर पेन्सिलीने काढलेले होते.