पर्वतांचा इतिहास वाचणारा हकीम : शेख इब्न सीना



यूनानी वैद्यकाचा विषय निघाला की आपल्याकडील वडीलधारी माणसे बू अली सीना यांचे नाव आदराने घेतात. त्यांचा 'अल-कानून' हा वैद्यकावरील ग्रंथ पूर्वेकडे आणि युरोपात शतकानुशतके शिकवला गेला, हेही आपण ऐकून असतो. परंतु माणसाची नाडी पाहणाऱ्या या हकीमाने पृथ्वीचीही परीक्षा केली होती. डोंगर कसे उभे राहतात, दऱ्या कशा पडतात, भूकंपाने भूमीचे रूप कसे पालटते, या प्रश्नांवर त्यांनी हजार वर्षांपूर्वी विचार केला होता. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांच्या चरित्राची ही बाजू या स्मरणिकेच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवीत आहे.

इब्न सीना यांचा जन्म इ. स. ९८० मध्ये, म्हणजे हिजरी ३७० साली, बुखारा शहराजवळील अफशना या गावी झाला. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्ख शहरातले. सामानी राजवटीत ते सरकारी अधिकारी होते. पुढे हे कुटुंब बुखाऱ्यास राहावयास आले आणि मुलाच्या शिक्षणाला तेथेच सुरुवात झाली. वयाच्या दहाव्या वर्षी त्याचे कुराण शरीफ पूर्ण झाले. त्यानंतर वडिलांनी त्याला हिंदुस्थानी अंकगणित शिकण्यासाठी कोणाकडे पाठवले असेल? एका भाजी विकणाऱ्याकडे! त्या माणसाला आपल्या देशात जन्मलेली ती हिशोबाची पद्धत उत्तम येत होती. पालकांनो, एका अधिकाऱ्याने आपला हुशार मुलगा भाजीवाल्यापुढे शिष्य म्हणून बसवला. इल्म ज्याच्यापाशी असेल त्याच्याकडून ते घ्यावे, त्यात कमीपणा नाही, हा धडा त्या मुलाला घरातूनच मिळाला.

याच बालपणातील आणखी एक गोष्ट आहे. जैहून नदीच्या काठी लोक डोके धुण्यासाठी एक प्रकारची माती वापरीत. लहानग्या इब्न सीनाने त्या मातीचे थर नदीकाठी पाहिले होते. इतर मुलांनीही ते पाहिले असतीलच. पण हा मुलगा ते विसरला नाही. सुमारे तेवीस वर्षांनी ते थर पुन्हा त्याच्या दृष्टीस पडले, तेव्हा त्या मातीचा मऊ दगड झालेला होता. माती दगड होते, आणि ती किती काळात होते, याचा हा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी घेतलेला पुरावा होता. पुढे ग्रंथ लिहिताना त्यांनी तो नोंदवून ठेवला. विद्यार्थी मित्रांनो, यासाठी प्रयोगशाळा लागली नाही की यंत्र लागले नाही. लागले ते दोन उघडे डोळे आणि पाहिलेले जपून ठेवणारे मन.

अभ्यासातही त्यांना सर्व काही सहज आले, असे समजू नका. ॲरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानावरील एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण समजला नाही. अखेर पुस्तकांच्या बाजारात एका दलालाने आग्रहाने तीन दिरहमांत गळ्यात मारलेले अल-फाराबी यांचे छोटे पुस्तक हाती आले आणि सारा उलगडा झाला. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना दानधर्म केला. एका इयत्तेत नापास झाल्याबरोबर मुलाचे नाव शाळेतून काढण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी ही चाळीस वाचने आठवावीत.

सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत त्यांचा वैद्यकात लौकिक झाला. सुलतान नूह इब्न मन्सूर आजारी पडले तेव्हा उपचारासाठी या तरुणाला बोलावणे गेले. त्याने त्यानंतर मागितली ती दरबारच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी. तेथे दालनेच्या दालने ग्रंथांनी भरलेली होती. त्यातील कित्येक पुस्तकांची नावेही लोकांनी ऐकलेली नव्हती.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. वडील वारले, सामानी राज्य कोसळले आणि इब्न सीना यांचा प्रवास सुरू झाला. गुरगंज, जुर्जान, रै, हमादान असे एकामागून एक आश्रय त्यांनी पाहिले. हमादानच्या अमीराने त्यांना वजीर केले. दिवसा कारभार आणि रात्री शिष्यांसह अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. अमीराच्या मृत्यूनंतर दरबारात त्यांच्याविषयी संशय निर्माण झाला, तेव्हा त्यांना एका औषध विकणाऱ्याच्या घरी लपून राहावे लागले. त्या लपण्याच्या दिवसांत, जवळ एकही संदर्भग्रंथ नसताना, त्यांनी रोज पन्नास पाने या वेगाने 'किताब-उश-शिफा' या महाग्रंथातील निसर्गशास्त्राचा बहुतेक भाग लिहून काढला. पुढे ते पकडले गेले आणि फरदजान किल्ल्यात त्यांना चार महिने कैदेत राहावे लागले. तेथेही लेखणी थांबली नाही. नगरकरांना हे नवल वाटू नये. आपल्या भुईकोट किल्ल्यातही १९४२ नंतरच्या स्थानबद्धतेत मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रे लिहिली आणि पंडित नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला.

'शिफा' म्हणजे बरे करणे. हा ग्रंथ शरीराच्या नव्हे, अज्ञानाच्या आजारावर आहे. त्यात दगड, खनिजे आणि पर्वत यांवर जे प्रकरण आहे, त्यातील विचार थोडक्यात असा : उंच भूमी दोन कारणांनी तयार होते. एक कारण जोराचे असते. मोठा भूकंप भूमीचा एखादा भाग एकाएकी वर उचलतो आणि टेकडी उभी राहते. दुसरे कारण सावकाशीचे असते. वारा आणि वाहते पाणी मऊ भाग कोरून नेतात, कठीण भाग मागे राहतो. कोरलेली जागा दरी होते आणि उरलेली जागा डोंगर दिसते. काही डोंगर थरांवर थर रचल्यासारखे दिसतात, ते थर निरनिराळ्या काळी साचलेले असावेत. दगड फोडला असता त्यात शिंपल्यांसारखे जलचरांचे अवशेष सापडतात, त्या अर्थी आजची वस्तीची भूमी कोणे एके काळी समुद्राखाली असली पाहिजे. आणि हे सर्व घडायला इतका प्रचंड काळ लागतो की कोणत्याही एका पिढीला त्याची दाद लागत नाही.

ही तत्त्वे आपल्या जिल्ह्यात तपासून पाहता येतात. सहलीला भंडारदऱ्याला जाल तेव्हा अकोले तालुक्यातील कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्याकडे नीट पाहा. डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वाहिला आणि त्याचे थर एकावर एक साचले. इब्न सीनांनी पाहिलेले थर गाळाचे होते, आपले थर अग्नीचे आहेत. पण थरावर थर हा हिशोब तोच, आणि नंतर पाण्याने ते कोरले हेही तेच. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, हे कोरल्यावर उरलेली भूमी आहे. साम्रद गावाजवळची सांदण दरी ही कोरून गेलेली जागा आहे. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहा. पुराच्या पाण्यात गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या खडकात रांजण कोरले आहेत. हळू चालणाऱ्या हाताचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरा, एकाएकी चालणारा हातही आपल्यापासून दूर नाही. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात मोठा भूकंप झाला. सपाट भूमीवर सुमारे ऐंशी किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंच असा बांध वर आला. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचली आणि सिंद्री येथील किल्ला पाण्यात गेला. माणसाने न बांधलेल्या त्या बांधाला लोकांनी 'अल्ला बंद' हे नाव दिले, आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूमी हादरली. किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. घन आणि स्थिर म्हणून समजले जाणारे आपले दख्खनचे पठारही हलू शकते, हे त्या पहाटेने शिकवले.

भूकंप समुद्राच्या तळाशी झाला आणि तळ एकदम वर उचलला गेला, तर वरचे सारे पाणी ढकलले जाते आणि त्सुनामीची लाट निघते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ असा भूकंप झाला, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि तेथेही जीवितहानी झाली. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने तर नकाशा बदलला. अंदमान बेटांच्या उत्तर भागातील किनारा वर आला, प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडले. आणि निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचले. तेथील दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला.

इब्न सीनांचे सारेच बरोबर होते, असे मात्र म्हणता येणार नाही. भूकंपाचे कारण सांगताना त्यांनी जुन्या ग्रीक पंडितांप्रमाणे भूमीच्या पोटात कोंडलेल्या वाफांवर भर दिला. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे, ते तुकडे वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात आणि साठलेला ताण खडक तुटून मोकळा होतो, हे ज्ञान विसाव्या शतकातले आहे. पण भूकंप भूमीला उचलतो, पाणी तिला कोरते आणि काळ अफाट आहे, ही त्यांची तीन सूत्रे टिकून राहिली. चूक निघेल या भीतीने विचारच न करणे, हे विद्वानाचे लक्षण नव्हे.

या प्रकरणाच्या वाट्याला पुढे जे आले, ते वाचून मन खिन्न होते. इ. स. १२०० च्या सुमारास एका इंग्रज पंडिताने त्याचे लॅटिन भाषांतर केले. ते ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाला जोडले गेले, आणि कित्येक शतके युरोपातील पुष्कळ वाचक हे विचार ॲरिस्टॉटलचेच समजत राहिले. १९२७ साली होमयार्ड आणि मँडेव्हिल या दोघांनी मूळ अरबी मजकूर लॅटिनसह प्रसिद्ध केला, तेव्हा खऱ्या लेखकाचे नाव पुन्हा सर्वांसमोर ठळकपणे आले. दोष केवळ भाषांतरकारांना का द्यावा? आपल्या कपाटातील ग्रंथ आपण उघडला नाही, तर त्यावर कोणाचे नाव पडते याची आपल्याला खबर तरी कशी लागणार? थोरांची नावे घेऊन अभिमान बाळगणे सोपे आहे, त्यांचे पान वाचून पुढचे पान लिहिणे कठीण आहे. पण वारसा त्यालाच म्हणतात.

ज्ञान जपले तर काय होते, हेही २००४ साली जगाने पाहिले. सुमात्राजवळच्या सिमेउलु बेटावर मुस्लिम बांधवांची वस्ती आहे. तेथे १९०७ साली मोठी त्सुनामी आली होती. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की सामान न पाहता डोंगराकडे धावावे. २००४ मध्ये भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही हजारोंच्या त्या वस्तीत केवळ सात माणसे दगावली. यंत्राचा इशारा तेथे नव्हता. पाहिलेले लक्षात ठेवणे आणि पुढच्या पिढीला सांगणे, एवढेच होते. जैहूनच्या काठावरील त्या मुलाने तरी याहून वेगळे काय केले होते?

आयुष्याच्या शेवटच्या काळात इब्न सीना इस्फहानच्या अमीराकडे होते. हमादानहून ते दरवेशाच्या वेषात तेथे पोहोचले होते. पोटाच्या दुखण्याने ते खंगले. इ. स. १०३७, हिजरी ४२८ मध्ये, हमादान येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. वय सुमारे सत्तावन्न. त्यांची कबर तेथेच आहे.

पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, विज्ञानाची वाट तिच्यासाठी बंद करू नका. रस्त्याने जाताना लेकराने हा डोंगर असा का दिसतो म्हणून विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर शिक्षकांकडे जा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाताना वाटेतला एखादा ओढा, एखादी टेकडी, एखाद्या विहिरीच्या कडेचे थर नीट पाहा, वहीत लिहा आणि तारीख टाका. तेवीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी जाऊन पाहा. रब्बुल आलमीन तुमच्या इल्ममध्ये बरकत देवो, हीच दुआ. आमीन.