कापडी बाळाची गुरुमाता : मादाम द्यु कुद्रे

पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु जेथे शिकणाऱ्याची चूक त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेतते, तेथे त्याने सराव करावा तरी कोठे? मूल जन्मताना अडले तर विचार करीत बसण्यास वेळ नसतो. आणि ते कसे सोडवावे, हे केवळ ऐकून हातास कळत नाही. हा पेच अठराव्या शतकात फ्रान्समधील एका सुईणीने सोडविला, आणि तोही कापड, चामडे व सुईदोरा यांच्या साहाय्याने! त्या कर्तबगार स्त्रीचे नाव मादाम आंजेलिक द्यु कुद्रे.

त्यांचा जन्म इ. स. १७१२ च्या सुमारास झाला. पॅरिस येथे रीतसर शिक्षण घेऊन इ. स. १७४० मध्ये त्या सुईणीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या आणि त्या शहरात त्यांनी आपल्या व्यवसायात चांगले नाव मिळविले. त्या काळी शस्त्रवैद्य आणि सुईणी यांच्यात मोठी चुरस होती. शस्त्रवैद्यांनी सुईणींना शिकविण्याचे टाळले, तेव्हा इ. स. १७४५ मध्ये पॅरिसच्या ज्या सुईणींनी त्याविरुद्ध दाद मागितली, त्यांत द्यु कुद्रे याही होत्या. ज्ञानाचे दार बंद झाले तर काय होते, याची जाणीव त्यांना अशा रीतीने आरंभीच झाली होती.

इ. स. १७५१ च्या सुमारास त्या ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतात गेल्या. तेथील दृश्य पाहून त्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. खेड्यापाड्यांतील बाळंतपणे ज्या बायका करीत, त्यांना शास्त्राचा गंधही नव्हता. हाताला येईल तो अवयव ओढावा, एवढेच त्यांना ठाऊक! परिणामी कित्येक अर्भके दगावत, तर कित्येक जन्माची अपंग होत. मातांचेही हाल होत. या बायका दुष्ट नव्हत्या; त्यांना शिकविणारेच कोणी नव्हते. पुस्तक द्यावे, तर बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. व्याख्यान द्यावे, तर ऐकलेले हातापर्यंत पोहोचत नव्हते.

तेव्हा मादामांनी एक युक्ती योजिली. स्त्रीच्या कमरेचा भाग त्यांनी जीवमात्राच्या आकाराएवढा कापडाचा व चामड्याचा शिवला, आत भरण भरले, आणि त्यात बसेल असे कापडी बाळही तयार केले. यालाच त्या आपले यंत्र म्हणत. या बाळाला उठावदार नाक होते, शिवलेले कान होते, शाईने रेखलेले केस होते. त्याचे तोंडही उघडे असून आत जीभ होती. हा केवळ हौसेचा भाग नव्हता. बाळ पायाकडून जन्मू लागले की त्याचे डोके अडते; अशा वेळी सुईणीला त्याच्या तोंडात बोट घालून ते सोडवावे लागे. ज्या बाहुलीला तोंडच नाही, तिच्यावर ही विद्या कशी शिकविणार? दोऱ्या व पट्टे यांच्या योगे मार्ग ताणला जाण्याचा अनुभव येई. नाळ आणि वारही होती. एवढेच नव्हे, तर जुळी बाळेदेखील होती.

पुढे त्यांनी त्यात आणखी सुधारणा केली. स्पंज बसवून त्यांतून योग्य वेळी स्वच्छ व तांबडे द्रव वाहतील, अशी योजना केली. कारण रक्त पाहताच ज्याचा हात थरथरतो, त्याने कोरड्या बाहुलीवर मिळविलेले कौशल्य ऐन प्रसंगी फोल ठरते. साधने साधीच होती. पण हाताला जे लागायला हवे आणि डोळ्यांना जे दिसायला हवे, त्यात मात्र त्यांनी तडजोड केली नाही.

इ. स. १७५९ मध्ये त्यांचे प्रसूतिविद्येवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी राजा पंधरावा लुई याने त्यांना देशभर ही विद्या शिकविण्याची आज्ञा दिली. तेव्हापासून सुमारे २५ वर्षे त्या गावोगाव हिंडल्या. ४० हून अधिक शहरांत त्यांनी वर्ग चालविले. साधारणतः दोन महिन्यांच्या शिक्षणक्रमात प्रत्येक स्त्रीला पाळीपाळीने यंत्रावर हात चालवावा लागे. चूक झाली, तर कापडी बाळ पुन्हा आत ठेवावे आणि पुन्हा आरंभ करावा! अशा प्रकारे ४,००० हून अधिक स्त्रिया त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. एका यंत्राची किंमत ३०० लिव्र होती. एखाद्या गरीब खेड्याला ती परवडणारी नव्हती. परंतु शहराने एक यंत्र घेऊन ठेवले की भोवतालच्या गावांतील स्त्रियांना वर्षानुवर्षे त्याचा उपयोग होई. मादामांनी शेकडो शस्त्रवैद्यांनाही शिकविले. ज्या वर्गाने एकेकाळी सुईणींना शिक्षण नाकारले होते, त्यालाच एका सुईणीकडून धडे घ्यावे लागले! इ. स. १७६७ मध्ये राजाने त्यांना वार्षिक ८,००० लिव्रचे वेतन ठरवून दिले.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला असताना, इ. स. १७९४ मध्ये, बोर्दो येथे त्यांनी देह ठेविला. ज्या मादाम कुतान्सो यांना त्यांनी भाचीप्रमाणे वाढवून तयार केले होते, त्यांनी तेथे हे कार्य पुढे चालविले. त्या यंत्रांपैकी एक आजही रुआँ येथील वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

त्यांचा विचार मात्र संग्रहालयात बंद राहिला नाही. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. हे शिकविण्यासाठी इ. स. २०१० मध्ये एक स्वस्त बाहुली पुढे आली. तिच्यात पाणी भरले की ती बाळासारखी जड व लिबलिबीत लागते, आणि रबरी फुगा दाबला की नाळेचे ठोके हाताला जाणवतात. आपल्या देशातही इ. स. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात परिचारिका व डॉक्टर अशा बाहुल्यांवरच हात बसवितात.

विद्यार्थी मित्रांनो, साधनांची उणीव ही पुष्कळदा आपली सबब असते. मादाम द्यु कुद्रे यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. होता तो सुईदोरा, आणि अज्ञानामुळे एकही बाळ दगावू नये ही तळमळ. त्यांच्या कापडी बाळाने हजारो चुका मुकाट्याने सोसल्या. म्हणूनच त्या चुका हाडामांसाच्या बाळांच्या वाट्याला आल्या नाहीत.