एका सुताराने घरी बनवलेल्या घड्याळाने जहाजांना वाट दाखवली, पण बक्षीस मिळवायला अख्खा जन्म गेला!

वाय-फाय असलेली छोटीशी मायक्रोकंट्रोलर चिप, एक डिस्प्ले आणि बॅटरी. एवढ्या सामानात हल्ली कॉलेजची मुलं घरच्या घरी डिजिटल घड्याळ बनवतात. त्याची वेळ थोडी चुकली तरी बिघडत नाही. ते इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतं आणि स्वतःला दुरुस्त करतं.

पण भर समुद्रात, वेळ विचारायला कुणीच नसेल तर? हा प्रश्न सोडवला जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने.

हॅरिसनचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधला. वडील सुतार, त्यामुळे हातात रंधा लहानपणीच आला. घड्याळजीकडे उमेदवारी न करताच विशीच्या आसपास त्याने पहिलं घड्याळ बनवलं, तेही बहुतांश लाकडाचं!

त्या काळी जहाजांना आपला अक्षांश कळायचा, रेखांश मात्र अंदाजावर. १७०७ मध्ये असाच अंदाज चुकला आणि सिली बेटांजवळ ब्रिटिश नौदलाची चार जहाजं खडकांवर फुटली. हजाराहून जास्त खलाशी बुडाले. शेवटी १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं.

आता यात घड्याळ कुठून आलं? गणित सोपं आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जहाजावर सूर्य डोक्यावर आला आणि लंडनची वेळ दाखवणाऱ्या घड्याळात दुपारचे ३ वाजले असतील, तर तुम्ही लंडनच्या ४५ अंश पश्चिमेला आहात. पण घड्याळ ४ मिनिटं चुकलं की हिशोब एका अंशाने चुकतो. आणि लंबकाची घड्याळं हेलकावणाऱ्या जहाजावर टिकायचीच नाहीत.

१७३५ मध्ये हॅरिसनचं पहिलं सागरी घड्याळ तयार झालं. वजन साधारण ३४ किलो! लिस्बनच्या प्रवासात ते चाललं, पण त्याचंच समाधान होईना. दुसऱ्यात त्याला स्वतःलाच दोष सापडला. तिसऱ्यावर तब्बल १९ वर्षं गेली. त्यासाठी त्याने दोन धातूंची जोडपट्टी शोधून काढली. तापमान बदललं की ती वाकते. इस्त्री आपोआप बंद करणारी पट्टी याच तत्त्वावर चालते.

मग त्याने मोठ्या यंत्राचा नादच सोडला. १७५९ मध्ये त्याने बनवलेलं चौथं घड्याळ जेमतेम १३ सेंटीमीटर व्यासाचं होतं. १७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी घड्याळ मागे पडलं होतं फक्त ५ सेकंद!

बक्षीस मिळालं? नाही. हा योगायोग असू शकतो, असं म्हणत रेखांश मंडळाने पुन्हा चाचणी मागितली. बार्बाडोसच्या प्रवासातही घड्याळ पास झालं. मग नवी अट आली. यंत्र उलगडून दाखवा, तर अर्धीच रक्कम, आणि उरलेल्यासाठी आणखी घड्याळं बनवा. मंडळात चंद्राच्या स्थितीवरून रेखांश काढण्याच्या बाजूचे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यातलेच एक, नेव्हिल मॅस्केलिन, राजखगोलशास्त्रज्ञ झाले आणि घड्याळाची पुढची तपासणीही त्यांच्याकडेच गेली.

अखेर थकलेल्या हॅरिसनने राजालाच साकडं घातलं. १७७२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने त्याचं पाचवं घड्याळ आपल्या खासगी वेधशाळेत तपासलं. ते चोख निघालं. १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले, पण ते अधिकृत बक्षीस म्हणून नाही. तेव्हा तो ८० वर्षांचा होता. १७७६ मध्ये तो वारला.

त्याच्या चौथ्या घड्याळाची नक्कल घेऊन कॅप्टन कुकने दुसरी सफर केली, आणि ती कुकला इतकी पसंत पडली की त्याने तिची तारीफ केली.

आज जीपीएसच्या उपग्रहांमध्येही घड्याळंच असतात, आणि त्यांच्या वेळेवरूनच तुमचा फोन जागा ओळखतो. वेळ नेमकी कळली की ठिकाण कळतं, हे सुताराच्या त्या घड्याळाने भर समुद्रात सिद्ध केलं होतं.