अहमदनगरच्या किल्ल्यातील न पाठवलेली पत्रे

पत्नी निवर्तल्यावर पुरुषाच्या दुःखाची दखल आपल्याकडे फार थोडे दिवस घेतली जाते. विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते आणि त्या काळात घरदार तिच्याभोवती जागे असते. पुरुषाला इद्दत नाही. चौथ्या दिवशी तो दुकान उघडतो, शेतावर जातो, आणि लोक त्याच्या सबरची वाखाणणी करून आपापल्या कामाला लागतात. नांदेड-लातूरकडच्या मशिदींत इशाच्या नमाजनंतर सर्वजण निघून गेल्यावरही खांबाला टेकून बसून राहिलेला एखादा वृद्ध आपण पाहिलेला असतो. घरी जाण्याची त्याला घाई नसते, कारण घरी वाट पाहणारे कोणी उरलेले नसते. अशा माणसांची आठवण ठेवून मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) यांच्या आयुष्यातील एक प्रकरण येथे सांगत आहे.

मौलानांचा जन्म 1888 साली मक्का येथे झाला. बालपणीच ते आईच्या मायेला पारखे झाले. वडील मौलाना खैरुद्दीन यांचे 1908 साली निधन झाले. जुलेखा बेगम यांच्याशी त्यांचा विवाह अगदी कोवळ्या वयात झाला होता. मौलानांना लहानपणापासून एकांताची ओढ होती. सवंगड्यांचे खेळ सोडून पुस्तक घेऊन दूर जाऊन बसणे त्यांना आवडे. 1916 पासून सुमारे चार वर्षे इंग्रज सरकारने त्यांना रांचीत स्थानबद्ध ठेवले, तेव्हाही तेथील जामा मशिदीत खुत्बे देत आणि लेखन करीत त्यांनी तो काळ सत्कारणी लावला. एकांताची त्यांना भीती नव्हती. परंतु एकांत माणूस स्वतः निवडतो, एकटेपणा त्याच्यावर कोसळतो. हा फरक त्यांना पुढे आपल्याच महाराष्ट्रात कळायचा होता.

ऑगस्ट 1942 च्या आरंभी मौलाना कलकत्त्याहून मुंबईस निघाले. ते काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि अधिवेशन तोंडावर आले होते. जुलेखा बेगम यांची प्रकृती तेव्हाच खालावलेली होती. निरोप देण्यासाठी त्या घराच्या दारापर्यंत आल्या आणि खुदा हाफिज एवढेच बोलल्या. 9 ऑगस्टच्या पहाटे मुंबईत मौलानांना अटक झाली. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद आदी सहकाऱ्यांसह त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणण्यात आले.

किल्ल्यात त्यांनी आपला दिवस नेमाने बांधला. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठावे, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करावा आणि पत्र लिहावयास बसावे, असा तो क्रम होता. पत्रे एकाच मित्राला उद्देशून असत. हे मित्र म्हणजे मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी. ते अलीगढकडचे असले, तरी एके काळी हैदराबाद संस्थानच्या धार्मिक खात्याचे प्रमुख, सदरुस्सुदूर होते. म्हणजे आपल्या मराठवाड्यातील मशिदींचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता. ही पत्रे पाठविण्याची मुभा नव्हती. मौलाना ती लिहीत आणि जपून ठेवीत. खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांशी प्रथम त्यांचे भांडण झाले, मग मैत्री जडली. त्या चिमण्यांना त्यांनी नावेही ठेवली आणि ती हकिकत मित्राला सविस्तर लिहिली.

23 मार्च 1943 रोजी बेगम गंभीर आजारी असल्याची वार्ता किल्ल्यात पोहोचली. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ पुढे पाठवू, असे तुरुंगाच्या अधीक्षकांनी कळविले. नेहरूही येऊन बराच वेळ बोलले. मौलानांनी दोघांनाही नकार दिला. ज्या सरकारने कैद केले, त्याच्याकडे याचना करणे त्यांच्या स्वाभिमानाला मानवणारे नव्हते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, हे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची पावले वाजली की काळीज धडधडू लागे. आजच्या अंकात कोणती बातमी असेल, ही धास्ती वाटे. परंतु तो आत आला की मौलाना हसून अंक मेजावर ठेवण्याची खूण करीत आणि जणू काही घाईच नाही, असे दाखवीत लिहीत राहत. जेवणाची वासना उरली नव्हती, तरी दिनक्रमात त्यांनी फरक दिसू दिला नाही. 9 एप्रिल रोजी दुपारी निधनाची तार आली. 36 वर्षांचा सहवास संपला.

दोनच दिवसांनी त्यांनी मित्राला पत्र लिहिले, आणि त्यात त्यांचे खरे मोठेपण दिसते. बाहेरून दिसणारी आपली शांतता हा बराचसा देखावा होता, अंतरीच्या अहंकाराने वठविलेले ते सोंग होते, ही कबुली त्यांनी त्यात दिली. किल्ल्याच्या आवारात कोणा अनामिकाची एक जुनी कबर होती. येता-जाता ती शेकडो वेळा दृष्टीस पडली होती. आता मात्र तिच्याविषयी नवाच जिव्हाळा वाटू लागला, आणि एका संध्याकाळी आपण कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिलो, असे त्यांनी कळविले. काही महिन्यांतच त्यांच्या बहिणीचेही निधन झाले. कैदेत त्यांचे वजन सुमारे 40 पौंडांनी घटले. तोंडाने न सांगितलेले दुःख देहाने सांगितले.

जून 1945 मध्ये सुटका होऊन ते कलकत्त्यास परतले. मोटार हावड्याचा पूल ओलांडत असता त्यांना दारातला तो निरोप आठवला. घरी न जाता त्यांनी मोटार कब्रस्तानाकडे वळविली, स्वागतासाठी मिळालेल्या हारांपैकी एक कबरीवर ठेवला आणि निःशब्द फातेहा पढला. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. 1958 साली दिल्लीत त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी दुसरा विवाह केला नाही. ती न पाठविलेली पत्रे 1946 साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. मनावर साचलेली धूळ, असा त्या नावाचा अर्थ आहे.

बंधूंनो, सबर म्हणजे मूक राहणे, असा आपला गैरसमज झाला आहे. हजरत याकूब (अलै.) यांच्या सबरला कुरआनने सुंदर ठरविले, आणि त्याच याकूबांचे डोळे पुत्रवियोगाने पांढरे झाल्याचेही सांगितले. त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले. मांडलेच नाही, असे नव्हे. प्रेषित (स.) यांनी बालक इब्राहीमच्या मृत्यूवेळी सर्वांदेखत अश्रू ढाळले, आणि हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण ते अखेरपर्यंत काढीत राहिले. अश्रू सबरच्या विरोधात नाहीत. अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करणे, हे सबरच्या विरोधात आहे.

मौलानांपाशी लेखणी होती आणि ज्याला मन उघडे करावे असा एक मित्र होता, जरी पत्रे त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. आपल्या मोहल्ल्यातील एकट्या पुरुषापाशी बहुधा यांपैकी काहीच नसते. ताजियत तीन दिवसांत उरकण्याची रीत झाली असली, तरी त्याच्याकडे चाळिसाव्या दिवशी, शंभराव्या दिवशी, पहिल्या रमजानच्या इफ्तारला जाण्यास कोणी मनाई केलेली नाही. खांबाला टेकून बसलेल्या त्या माणसाशेजारी आज इशानंतर आपण दहा मिनिटे बसावे. विचारावयाचे ते एवढेच, की मरहूमा कशा होत्या. पुढचे तो सांगेल.

अल्लाह आपणा सर्वांना एकमेकांच्या दुःखाचे सोबती होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.